भरीत विकणारं घर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका सभागृहात माझ्या आईला शाल-नारळ देऊन व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं होतं आणि एक गृहस्थ माइकवरून तिचे गुण सांगत होते. स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्या बायकांसाठी शिबिर होतं. गृहस्थांनी फळ्यावर खडूने एकाखाली एक शब्द लिहिले. जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास, धोका पत्करायची तयारी, झटपट निर्णय. प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढली की ते आईकडे हात करायचे आणि बायका माना वळवून तिच्याकडे बघायच्या. आई नारळ मांडीवर धरून बसली होती आणि मी मागच्या रांगेत बसून नुसती तापत होते.

त्या माणसाने काही वाईट म्हटलं नव्हतं, हे मलाही कळतं. पण हे गुण ज्या घरात नांदतात त्या घरात एकदा राहून बघा म्हणावं. जिद्द भाषणात फार देखणी दिसते. तीच जिद्द सकाळी उठून तुमच्यासमोर चहा घेत बसलेली असते, तुमच्याशी गोड बोलत नाही, आणि एखाद्या दिवशी तुमच्या आयुष्याचा निकाल तुम्हाला न विचारता लावून मोकळी होते. मग तिला काय म्हणायचं ते फळ्यावर कोणी लिहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं काय होतं ते कुठून दिसणार?

आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करायला होते. ते जिनिंग बंद पडलं. एकदम पडलं नाही. आधी पगार लांबले, मग पाळ्या कमी झाल्या आणि मग एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. भाऊ त्यानंतरही रोज इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर पेपर वाचत बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, चहाला बसवायचे. माणूस देवासारखा होता, सगळे म्हणायचे. देवासारख्या माणसाच्या घरात पीठ कुठून येतं हे विचारायला मात्र कोणी यायचं नाही.

आई रावेरकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी हिवाळा म्हणजे भरीत. बाहेरच्या लोकांना वाटतं भरीत म्हणजे वांग्याची एक भाजी. आमच्याकडे तसं नसतं. हिरवट-पांढरी, लांबोडकी, हाताला जड लागणारी वांगी घ्यायची, शेतात कपाशीच्या वाळक्या काट्या-काड्यांचा जाळ करायचा, त्यात ती काळी होईपर्यंत भाजायची, गरम असतानाच सालं काढायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची. वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची, ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. आणि हे सगळं फुकट. शेतात भरीत चाललंय आणि बांधावरून कोणी जातोय, तर त्याला हाक मारून बसवायचंच. तो ओळखीचा आहे की नाही हा प्रश्न नसतो. भरीत खाऊ घालायचं असतं. ते विकायचं असतं असं आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आईच्या मनात आलं. पिंप्राळ्याच्या आसपास तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या. घरोघर गॅस आले होते आणि नोकरदार बायका गॅसच्या बर्नरवर वांगी भाजून हळहळत होत्या, कारण त्या भरिताला कसलाच वास यायचा नाही. काट्यांचा जाळ करायला त्यांच्याकडे अंगण नव्हतं. आमच्याकडे घरामागे मोकळी जागा होती आणि आईला लाज नव्हती.

हा शब्द मी मुद्दाम वापरते. आत्मविश्वास वगैरे नंतर चिकटवलेली नावं आहेत. आत्मविश्वास तिच्याकडे असता तर पहिल्या हिवाळ्यात तिने पैसे तीन-तीनदा मोजले नसते, आणि ती मोजायची, मी पाहिलंय. तिने केलं ते एवढंच, की लाज काढून खुंटीला टांगली. आधी शेजारणींची वांगी भाजून दिली. मग स्वतः वांगी आणून भरीत करायला लागली. मग ओट्यावर तराजू आला. भाऊ ज्या ओट्यावर पेपर वाचायचे त्याच ओट्यावर. त्या दिवसापासून भाऊ आतल्या खोलीत वाचायला लागले.

लोक काय म्हणाले ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. भरीत विकतात का, हा पहिला प्रश्न. उद्या पाणी विकाल, हा दुसरा. भाऊंचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, खास गावाहून आले आणि आईला म्हणाले की आपल्या घराण्यात लोकांना जेवू घातलंय, जेवणाचं वजन केलेलं नाही. घराण्याला जेवू घालायला तेव्हा कोणी येत नव्हतं, हे नानांच्या लक्षात आलं नाही. आईने ऐकून घेतलं, आणि त्यांच्या ताटात भरीत वाढलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, ही म्हण तिच्यासाठीच केली असावी. फक्त ती मनाचं करताना जनाचं तोंड बघायचीच नाही आणि त्याचा त्रास आम्हाला व्हायचा.

खरी अडचण वेगळीच होती. आई विकायची आणि भाऊ वाटायचे. ती मागे जाळापुढे असली आणि ओट्यावर कोणी ओळखीचं आलं की भाऊ आतून बाहेर येत, पातेल्यातून वाटीभर भरीत काढून देत आणि वर म्हणत, अहो, भरिताचे कसले पैसे घ्यायचे? त्यांना खरंच कळत नव्हतं. जन्मभर जी गोष्ट वाटली ती विकायची कशी, हे त्यांच्या हाताला जमतच नव्हतं. मग गावाकडून नातेवाईक यायचे, चार वांगी पिशवीत घालून. जरा भाजून दे गं म्हणायचे आणि जाताना पातेलं रिकामं करून जायचे. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. एका सकाळी आईने तराजू ओट्यावरून उचलून दारातच ठेवला. दीर असो, नणंद असो, तिच्या स्वतःच्या माहेरचं कोणी असो, भरीत तराजूवरून जाणार. खायचं असेल तर घरात बसा, पोटभर खा, त्याला ना नाही. डब्यात न्यायचं तर तोलून. तिची सख्खी बहीण रुसून गेली ती दोन दिवाळ्या आली नाही.

धंदा करणाऱ्याची वाणी मधाळ हवी, असंही त्या गृहस्थांनी धुळ्याला सांगितलं. मला हसू आलं. माझ्या आईची वाणी मिरचीच्या ठेच्यासारखी. गिऱ्हाईक म्हणालं की काल तेल कमी होतं, तर ती म्हणायची, काल वांगं चांगलं होतं, त्याला तेल लागत नाही. तरी लोक यायचे. ते तिच्यासाठी येत नव्हते, भरितासाठी येत होते, आणि भरितात तिने कधी फसवाफसवी केली नाही. कडू वांगं निघालं की ते ती भाऊंनासुद्धा वाढायची नाही. फेकायची. हे मात्र मी कबूल करते, रागात असले तरी.

मी तेव्हा कॉलेजात होते. धुराचा वास केसांतून जात नसे. शिकेकाईने धुवा, रिठ्याने धुवा, वर्गात पंखा लागला की माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून विचारायची, आज भरीत का? विचारताना हसायची. तिच्या घरी दर आठवड्याला आमच्याकडूनच भरीत जायचं. ही गोष्ट मला फार लागायची. खाताना बोटं चाटायची आणि करणाऱ्याच्या अंगाला वास येतो म्हणून नाक मुरडायचं. आपल्या लोकांचं हे असं का असतं ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मी आईवर तेव्हापासूनच चिडलेली होते, पण ती चीड साधी होती, वयाची. सालं काढून बोटांची टोकं भाजलेली असायची आणि त्याच बोटांनी मी परीक्षेचे पेपर लिहायचे. मी काही म्हटलं की आई म्हणायची, शिकायला कोणी नको म्हटलंय? खरंच म्हटलं नव्हतं. फी वेळेवर भरली जायची आणि ती कुठून भरली जाते हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसायचे. पण गप्प बसणारी माणसं शांत असतात असं कोणी समजू नये.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. दोन-तीन ठिकाणांहून नुसताच निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलेलीच नसायची. भरीतवालीची पोरगी, एवढीच पत्रिका त्यांना पुरत होती. नाना म्हणायचे, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणणाऱ्या माणसाचा मला जितका राग येतो तितका चोराचाही येत नाही.

तेच नाना धुळ्याचं स्थळ घेऊन आले. मुलगा शाळेत शिक्षक. वडील नव्हते, घरात आजोबांचा शब्द चालायचा, त्यांना सगळे आबा म्हणायचे. शेती होती, गावात मान होता. नानांनी बघण्याचा कार्यक्रम चंपाषष्ठीला ठरवला, कारण दिवस शुभ होता आणि त्यांना सोयीचा होता.

आता चंपाषष्ठी म्हणजे काय ते सांगायला हवं. चातुर्मासात आमच्याकडे पुष्कळ घरांत वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग सगळं गाव एकदम भरितावर तुटून पडतं. आईच्या वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. तिने नानांना सांगितलं, आदल्या दिवशी बोलवा, नाहीतर पुढच्या रविवारी. नाना म्हणाले, पोरीपेक्षा वांगी मोठी झाली का? आई म्हणाली की येऊ द्या, पण दुकान चालू राहील. एवढा एक दिवस बंद ठेव, असं भाऊसुद्धा म्हणाले, हळू आवाजात. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. तेव्हा त्याचं मला फारसं वाटलंही नव्हतं. बघण्याचे कार्यक्रम कुठल्या मुलीला विचारून ठरायचे?

त्या दिवशी पहाटेपासून मागे जाळ चालू होता. मी सकाळपर्यंत सालं काढली आणि मग न्हाऊन साडी नेसले. आईने माझ्या केसांना मोगऱ्याचं तेल लावलं, नेहमीपेक्षा जास्त. धुराचा वास झाकायला लावत होती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ओट्यावर माणसांची रांग फाटकापर्यंत गेली होती आणि पाहुण्यांना त्या रांगेतून वाट काढत घरात यावं लागलं. नानांचा चेहरा तेव्हाच उतरला.

आबा मात्र खूश दिसले. जेवायला बसले आणि त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडून वाटी पुसून खाल्ली. म्हणाले, असं भरीत लहानपणी खाल्लं होतं. भाऊ आनंदाने फुलले, स्वतःच्या हाताने वाढत राहिले. खूप दिवसांनी घरात कोणी फुकट जेवत होतं आणि आई काही म्हणत नव्हती.

मला आणि मुलाला मागच्या खोलीत थोडा वेळ बोलायला दिलं, दार उघडं ठेवून. मला वाटलं होतं तो स्वयंपाकाचं विचारेल. त्याने विचारलं, डोळे लाल झालेत, धुराचा त्रास होतो का? मी म्हटलं, सवय आहे. तो म्हणाला, त्याची आई चुलीवरच करते अजून, तिचेही होतात. मग त्याने सांगितलं की तो शाळेत भूगोल शिकवतो, आणि मुलांना नदी शिकवायची तर पांझरेवर नेतो, पण तिला पाणीच नसतं, मग मुलं विचारतात, सर, नदी कुठंय. सांगताना तो हसला. मीही हसले. एवढंच झालं. पण ज्या मुलींना बघायला लोक येऊन गेलेत त्यांना विचारा, एवढं होणं म्हणजे काय असतं ते. मला तो आवडला. मला त्या घरी जावंसं वाटलं. हे मी आज इतक्या वर्षांनी स्पष्ट लिहिते, कारण या गोष्टीत हे वाक्य सगळेच विसरतात.

पुन्हा बाहेर बसलो. आईला जाळावरून बोलावून आणलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली, बसली नाही. ओट्यावरचे लोक आत डोकावत होते. आबांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, “पोर आमले पसंत शे. घर बी चांगलं शे. फक्त साखरपुडाना पहिले हाई दुकान बंद करी टाका. भरीत इकनारं घर आम्हना सोयरास्मा नही.”

भरीत विकणारं घर त्यांच्या सोयऱ्यांत चालणार नव्हतं. त्यांच्या हातांना अजून त्या भरिताचा वास येत असेल. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. दोनदा मागून खाल्लं, वाटी पुसली, लहानपण आठवलं, आणि सुपारी तोंडात टाकायच्या आत आमच्या घराला नाव ठेवून मोकळे झाले. आवाज चढवला नाही, अपमान करायचा त्यांचा हेतूही नव्हता. तेच मला जास्त झोंबलं. त्यांना वाटत होतं ते आमच्यावर उपकारच करताहेत.

नाना लगेच म्हणाले की त्यात काय, होईल, बंद होईल. पडत्या फळाची आज्ञा. भाऊंनी आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, तो काही बोलेल. त्याची आई चुलीवर करते, तिचे डोळे लाल होतात, तो बोलेल. तो सतरंजीची कडा बोटाने नीट करत होता. नदी नाही म्हणून हसणारा माणूस आजोबांपुढे एक शब्द बोलला नाही. त्याचाही राग मी पुरेपूर धरला आहे, त्याला सूट दिलेली नाही.

आणि मग आई बोलली. विचार करायला वेळ घेतला नाही, भाऊंकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. “दुकान बंद होनार नाही, आबा,” ती म्हणाली. “भरीत आवडलं असंल तं घरच्यांसाठी न्या. तोलून देते.” ओट्यावरून कोणीतरी हाक मारली तशी ती वळली आणि गेली.

हाच तो झटपट निर्णय. धुळ्याच्या फळ्यावर ज्याच्याखाली रेघ मारली होती, तो.

पाहुणे उठले. मुलगा दारात क्षणभर थांबला असं मला वाटलं, पण कदाचित चप्पल शोधत असेल. आबांनी भरीत नेलं नाही. नाना त्यांच्यामागे धावले, परत आले, आईच्या अंगावर जाळापुढेच ओरडले आणि त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. भाऊ आतल्या खोलीत गेले. दुपारी रांग आणखी वाढली. मी साडी बदलली आणि सालं काढायला बसले, कारण दुसरं कोणी नव्हतं. मोगऱ्याच्या तेलावर धूर बसला. आई माझ्याशेजारी बसून वांगी उलटत होती.

पुढे सगळ्यांनी मला समजावलं. कॉलनीतल्या बायका, माझ्या मैत्रिणी, पुढे माझा नवरासुद्धा. हो, लग्न झालं माझं, चोपड्याला, बऱ्या घरी झालं, त्याबद्दल तक्रार नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच की बरं झालं. असल्या घरात गेली असतीस तर जन्मभर खालमानेने जगली असतीस. आईने वाचवलं तुला. मला वाचवायला मी काय विहिरीत पडले होते? माझं लग्न होतं. माझं माणूस होतं, आवडलेलं. मी हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला मी त्याच खोलीत, हातभर अंतरावर, डोक्यावर पदर घेऊन बसले होते. दुकानावर तिचा हक्क होता, कबूल. त्यांनी मागितलं ते चूक होतं, कबूल. तिचं उत्तर बरोबर होतं, हेही मी तेव्हापासून कबूल करते. पण बरोबर उत्तर देणाऱ्याला दुसऱ्याचं आयुष्य परस्पर देऊन टाकायचा परवाना मिळतो का? तिने माझ्याकडे एकदा बघायला हवं होतं. नुसतं बघायला.

तो हिवाळा आम्ही दोघींनी न बोलता काढला. कामापुरतं बोलायचो, काट्या ओल्या आहेत, मिरची संपली, एवढं. दुकान जोरात होतं. चंपाषष्ठीचा किस्सा गावभर झाला होता आणि लोक मुद्दाम बघायला यायचे की कोण ही बाई, जिने पाहुण्याला तोलून देते म्हटलं. बायका ओट्यावर तिचं कौतुक करायच्या. कोणाच्या बापाला घाबरत नाही, म्हणायच्या. मी आत बसून ऐकायचे आणि मिरच्यांची देठं तोडायचे. आई वजन करून द्यायची आणि पुढचा म्हणायची. उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की धुळ्याच्या मुलाचं शिरपूरकडे ठरलं. भाऊंनी मला सांगितलं, मग लगेच म्हणाले, पेपरात काही विशेष नाही आज.

होळीच्या सुमाराला वांगी बियाळ व्हायला लागतात, उन्हाची चव येते त्यांना, आणि आई दुकान बंद करायची ते थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत. त्या वर्षी बंद केलं त्या दुपारी आम्ही मागच्या अंगणात बडग्या घासत होतो. लाकडात हिवाळाभराचं तेल मुरलेलं असतं, राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन जोर लावावा लागतो. भाऊ झोपले होते. मी ठरवलं नव्हतं, पण माझ्या तोंडून निघालं. मी तिला विचारलं की त्या दिवशी मला का नाही विचारलं?

ती घासत राहिली. मला वाटलं, नेहमीसारखी ऐकून घेईल आणि कामाचं काहीतरी बोलेल. मग म्हणाली, “तुले इचारलं असतं तं तू हो म्हनली असती.”

मी म्हटलं, मग? म्हणाले असते हो. माझं होतं ते, मी काहीही म्हटलं असतं.

“तू हो म्हनली असती तं मले दुकान बंद करा लागलं असतं,” ती म्हणाली. “मी केलं असतं.”

मला आधी कळलंच नाही. नाना, आबा, सख्खी बहीण, सगळ्या गावाला तराजू दाखवणारी बाई. मी चिडून म्हटलं की खोटं बोलू नकोस, तू कोणासाठी काही बंद करणारी नाहीस. एकदा वळून विचारायचं होतंस मला, एवढंसुद्धा जमलं नाही तुला?

तिने बडगी उपडी घातली, हाताची राख साडीला पुसली आणि पहिल्यांदाच, त्या सबंध हिवाळ्यात पहिल्यांदाच, माझ्याकडे नीट पाहिलं.

“भेव वाटलं मले,” ती म्हणाली.